ओकावांगो त्रिभुज प्रदेशातील दुष्काळ

आफ्रिकेतील बोट्स्वाना देशाच्या वायव्येस, कालाहारीच्या वाळूत पसरलेल्या ओकावांगो या पाणथळ प्रदेशात काही वर्षांच्या अंतराने पडणारे अवर्षण. त्रिभुज प्रदेश म्हटला की नदी समुद्राला मिळते ते मुख डोळ्यांपुढे येते. ओकावांगो समुद्रापर्यंत जातच नाही. वाळूत पसरते आणि तिथेच संपते. कायम पाण्याखाली असलेले क्षेत्र सुमारे ६,००० चौ. किमी. असून मोठ्या पुराच्या वर्षी ते दुपटीहून अधिक होते. १९६३ मध्ये येथे मोरेमी अभयारण्य स्थापन झाले. २०१४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत हा प्रदेश दाखल झाला, तो त्या यादीतील हजारावे स्थळ म्हणून.

येथला दुष्काळ समजायला आधी येथला पूर समजावा लागतो. पाणी येते अंगोलाच्या डोंगराळ भागातून. तेथे जानेवारी-फेब्रुवारीत पडलेला पाऊस कुबांगो व कुइतो या नद्यांतून नामिबियाची चिंचोळी पट्टी ओलांडून मोहेम्बो येथे बोट्स्वानात शिरतो. पुढे उतार जवळजवळ नाहीच. मोहेम्बोपासून त्रिभुज प्रदेशाच्या दक्षिण टोकाच्या माउन गावापर्यंतचे अंतर सुमारे अडीचशे किमी. आहे आणि ते कापायला पाण्याला चारेक महिने लागतात. त्यामुळे माउनला पूर येतो तो जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे तेथल्या ऐन कोरड्या हिवाळ्यात, आभाळात ढग नसताना. आलेल्या पाण्यापैकी जेमतेम २ टक्के पलीकडे वाहून जाते; बाकीचे बहुतेक उन्हाने आणि झाडापाल्याने उडून जाते. स्थानिक पाऊस हा दुसरा आधार, पण तो वर्षाला ५०० मिमी.च्या आतबाहेर. दोहोंपैकी एकाने दगा दिला तर भागते. दोघांनीही ओढ दिली की खरा दुष्काळ पडतो.

२०१९ मध्ये तसेच झाले. पूर अगदी क्षीण आला, माउनमधून वाहणारी थामलाकाने नदी आटली आणि नैर्ऋत्येकडचे न्गामी सरोवर चिखलाच्या पट्ट्यावर आले. अशा आटत्या सरोवरात मृत्यू बहुधा तहानेने येत नाही, चिखलाने येतो. कडेचा थर उन्हाने तडकलेला, वरून टणक दिसणारा. चार पावले आत गेले की खाली दाट लोण्यासारखा गाळ. उपाशी गाय उरल्यासुरल्या पाण्याकडे जाते, पोटापर्यंत रुतते आणि पाय उपसण्याइतके बळ अंगात नसल्याने तिथेच उभ्याउभ्या मरते. पाणघोड्यांची तऱ्हा वेगळी. त्यांची कातडी उन्हात फार वेळ टिकत नाही, म्हणून दिवसा पाणी सोडता येत नाही. डबके आकसत जाते तसे कळपच्या कळप त्यात दाटीने बसतात. २०२४ च्या एल निनोच्या वर्षीही माउनच्या आसपास गाळात अडकलेले पाणघोडे दिसले.

दुष्काळाची झळ नंतरही लागते. २०२० मध्ये पाणी पुन्हा आले, आणि त्याच वर्षी सेरोंगा भागात तीनशेहून अधिक हत्ती मेले. पाणवठ्यांतील नील-हरित शैवालाचे विष हे कारण सरकारने दिले. अतिकोरड्या वर्षापाठोपाठ अतिओले वर्ष आल्याने साचल्या पाण्यात शैवाल माजले असावे, असे उपग्रहचित्रांवर आधारित नंतरच्या अभ्यासाचे म्हणणे आहे.

या प्रदेशात बायेई, हंबुकुशू, बतावाना आणि सान लोक राहतात. पूर ओसरल्यावर ओलीवर मका-ज्वारी पेरण्याच्या येथल्या पद्धतीला मोलापो म्हणतात. आपल्याकडच्या मळईच्या शेतीशी तिचे नाते लगेच जाणवेल. पूर आला नाही की ही शेती पेरलीच जात नाही. शिवाय मासे, छपरासाठी लागणारे गवत, लव्हाळे, खाण्याचे कमळकंद हे सारे एकदम घटते. मोकोरो नावाची, पूर्वी एकाच खोडातून कोरली जाणारी डोणी कोरड्या पात्रात पडून राहते आणि तिच्यावर पर्यटक फिरवून मिळणारी मजुरीही बुडते. हत्ती उरल्या पाण्याच्या वाटेवरच्या शेतांत शिरतात, सिंह गुरांवर येतात.

तरीही कोरडी वर्षे ही येथे निव्वळ आपत्ती मानणे चुकीचे ठरेल. प्रवाह वाळूने भरतात, पपायरस या उंच लव्हाळ्याने बुजतात आणि पाणी दुसरी वाट धरते. सोडलेल्या पात्रातला वनस्पतींचा कुजका थर वाळून जमिनीखाली वर्षानुवर्षे धुमसत राहतो आणि पुढे तिथे चांगले कुरण होते. न्गामीला पाणी देणारा थाओगे प्रवाह एकोणिसाव्या शतकातच असा बुजला. १८४९ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन या स्कॉटिश प्रवाशाने जे विस्तीर्ण सरोवर पाहिले, ते त्यानंतर कितीदा तरी आटले. १९८० च्या दशकाच्या आरंभी आटल्यावर तर सुमारे वीस वर्षे तिथे पाणी नव्हते. त्रिभुज प्रदेशाचे उरलेले पाणी पुढे नेणारी बोतेती नदीही दीर्घ काळ कोरडी राहून २००९ मध्ये पुन्हा वाहती झाली.

पूर्वी पाणी सरकले की माणसे, गुरे आणि रानटी कळपही सरकत. आता ते सोपे राहिलेले नाही. लाळ्या-खुरकुताचा संसर्ग रानम्हशींकडून गुरांना होऊ नये म्हणून त्रिभुज प्रदेशाच्या दक्षिणेला तारेचे लांबलचक कुंपण घातले आहे. गावे शाळा, दवाखाना आणि रस्त्याला धरून स्थिरावली आहेत. दुष्काळ जुनाच आहे, पण तो चुकवण्याच्या वाटा बंद झाल्या, हे आजच्या हानीचे मोठे कारण दिसते.

वरच्या अंगाला काय होते, यावरही बरेच अवलंबून आहे. नदीचे पाणी वाटून घेणाऱ्या अंगोला, नामिबिया आणि बोट्स्वाना यांनी १९९४ मध्ये संयुक्त आयोग नेमला. त्यानंतर दोनच वर्षांत स्वतःच्या दुष्काळाने टेकीस आलेल्या नामिबियाने नदीकाठच्या रुंडूजवळून पाणी उचलून नळाने राजधानी विंडहुककडे नेण्याची योजना पुढे केली. बोट्स्वानातून तिला कडाडून विरोध झाला. पुढे नामिबियात पाऊस बरा झाला आणि योजना मागे पडली.