शोषखड्डा खोल, म्हणजे पाणी शुद्ध?

गिरणारे-मखमलाबादकडे मळ्यात घर बांधताना हमखास सल्ला मिळतो, "सेप्टिक टँकच्या पाण्याचा शोषखड्डा खडकापर्यंत न्या, पाणी आपोआप मुरतं." मुरतं खरं, पण जातं कुठे? नाशिकच्या मातीखाली बेसाल्ट, म्हणजे काळा कातळ. त्याच्या भेगांत माती नाही, म्हणजे गाळणही नाही. मैलापाणी थेट विहिरीकडे. सेप्टिक टँक गाळ खाली बसवते, रोगजंतूंचा नायनाट करत नाही. ते काम हवा खेळती असलेल्या मातीचं.

माती उथळ असेल तर खाली नव्हे, वर जायचं. जागा नांगरून त्यावर फूट-दोन फूट स्वच्छ वाळू, मग खडी, भोकांचे पाइप, वर माती नि गवत. पंप सेप्टिक टँकमधून आलेलं पाणी थोडं थोडं या पाइपांत सोडतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाने १९७०च्या दशकात ही पद्धत विकसित केली. लोडशेडिंगचं काय? पंप ज्या टाकीतून पाणी उचलतो ती मोठी बांधा, म्हणजे वीज येईपर्यंत पाणी तिथेच साठेल.