रंगावर जाऊ नका, छत्री उलटून बघा

सोलापुरात खरा पाऊस सप्टेंबरचा. दोन-चार दिवस झड लागली की हिरवळीवर, कुंडीत, वाळक्या फांद्यांवर भूछत्रं दिसू लागतात. फोटो सगळेच काढतात, पण बहुतेक फोटो वरून काढलेले असतात आणि त्यावरून ओळख पटत नाही. रंग तर ऊन लागलं, वय झालं की बदलतो.

कुंडीतली लिंबासारखी पिवळी छत्री बहुधा ल्युकोकोप्रिनस बर्नबॉमी या जातीची. ती कुजक्या पालापाचोळ्यावर जगते, रोपाला अपाय करत नाही, उपटू नका. ती लवकर मान टाकते, म्हणून फोटो सकाळीच घ्या. वाळक्या लाकडावर पंख्याच्या आकाराचं शेंदरी भूछत्र असेल तर भिंगातून खालची बाजू पाहा. छत्रीखाली असतात तशा पातळ पापुद्र्यांऐवजी मिलिमीटरला 5-6 बारीक छिद्रं दिसली, तर ते पिक्नोपोरस सँग्विनियस असण्याची शक्यता मोठी. तांबडा रंग भडकून फोटोत नुसता डाग उमटतो. कॅमेऱ्यातलं एक्स्पोजर (फोटोचा उजेडपणा) उणे 0.7 ते उणे 1 ठेवा.

खरी काळजी हिरवळीवरच्या मोठ्या पांढऱ्या छत्रीची. वर तपकिरी खवले, कोवळेपणी पापुद्रेही पांढरे, त्यामुळे खाण्याजोगी वाटते. ती ओळखायला बीजाणूंचा, म्हणजे पापुद्र्यांतून झडणाऱ्या बारीक भुकटीचा, ठसा घ्या. पूर्ण उमललेली छत्री घ्या, दांडा छत्रीलगत कापा. अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर पापुद्रे खाली करून ठेवा, वर पाण्याचा एक थेंब टाका आणि वाटी उपडी घाला. वाटी नसेल तर पंख्याच्या वाऱ्यानं बीजाणू उडून ठसा विस्कटतो. रात्रभरानं मळकट हिरवा ठसा उमटला, तर ती क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. ती विषारी आहे. खाल्ल्यावर साधारण 1 ते 3 तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. ठसा पांढरा आला म्हणून मात्र कुठलीही छत्री खाण्याजोगी ठरत नाही. कोवळ्या छत्रीचा ठसा उमटतच नाही.

प्रत्येक भूछत्राचे तीन फोटो हवेत: जमिनीलगत बाजूनं, खालून पापुद्र्यांचा, आणि दांड्याच्या बुडाचा. मोबाइल ज्वारी भरलेल्या छोट्या पिशवीवर टेकवा, 2 सेकंदांचा टायमर लावा. कडक ऊन असेल तर पांढरा पंचा आडवा धरा. आकाराच्या अंदाजासाठी शेजारी पट्टी ठेवा. छत्री ओढून काढू नका, दांडा तुटून बूड मातीतच राहतं; चाकूनं भोवतालची माती सैल करून अलगद उचला.