रिव्हर्स बंद केलेल्या गाड्या : बबल कारची पार्श्वभूमी

बबल कारचा विषय निघाला की सुएझचे नाव हमखास निघते. १९५६ च्या अखेरीस कालवा बंद पडला, पेट्रोल आटले, म्हणून युरोपने अंड्याच्या आकाराच्या गाड्या काढल्या, अशी ही सांगोवांगी आहे. पण तारखांचा मेळ बसत नाही. इटलीच्या ईसो कंपनीची इसेटा १९५३ च्या नोव्हेंबरात तुरीनला लोकांसमोर आली. युद्धात लढाऊ विमाने बनवणाऱ्या जर्मनीच्या मेसरश्मिट कंपनीची केआर १७५ त्याच वर्षीची. बीएमडब्ल्यूने परवाना घेऊन केलेली इसेटा, केआर २००, गोगोमोबिल या तिन्ही १९५५ च्या. सुएझने या गाड्यांचा खप वाढवला, पण त्या जन्माला घातल्या नाहीत. लोकांकडे पैसा कमी होता हे खरे, पण गाडीला चाके किती, इंजिन केवढे, दार कुठे, हे बहुतेक वेळा लायसन्स आणि कर यांच्या नियमांनी ठरवले. या गाड्यांच्या इतिहासात हा भाग नेहमी दोन ओळींत उरकला जातो.

असे प्रयोग आधीही झाले होते. पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सने ३५० किलोपेक्षा हलक्या आणि ११०० सीसीपर्यंतच्या 'सायकलकार'ना करात सवलत दिली आणि तशा गाड्यांचे पीक आले. पुढे स्वस्त मोटारी आल्या आणि ते ओसरले.

जर्मनीतली गोष्ट जास्त बोलकी आहे. तिथे १९५४ च्या अखेरीपर्यंत चौथ्या वर्गाच्या लायसन्सवर २५० सीसीपर्यंतचे वाहन चालवता येत असे, मग त्याला चाके दोन असोत की चार. नियम बदलल्यावरही जुन्या लायसन्सवाल्यांचा हक्क कायम राहिला. म्हणजे मोटारसायकलवर भिजत कामाला जाणारे असंख्य लोक मोटारीची वेगळी परीक्षा न देता छपराखाली बसू शकत होते, फक्त इंजिन २५० सीसीच्या आत हवे. पहिल्या गोगोमोबिलचे इंजिन २५० च्या जरासे खाली होते, बीएमडब्ल्यू इसेटाचे २४७. या आकड्यांमागे अभियांत्रिकीपेक्षा हे लायसन्स जास्त होते. गोगोमोबिल दिसायला चारचौघींसारखी छोटी मोटार होती, म्हणून तिचे नाव कमी घेतले जाते. पण खपात तिने सगळ्यांना मागे टाकले. १९६९ पर्यंत सुमारे २ लाख ८० हजार गाड्या निघाल्या.

मेसरश्मिटबद्दल एक गैरसमज अजून जात नाही. तिचा पारदर्शक घुमट लढाऊ विमानांच्या उरलेल्या मालातून आला, असे म्हणतात. तसे नव्हते. कंपनीला विमाने बनवायला मनाई होती, हे खरे. पण गाडीची मूळ कल्पना एका माजी विमान अभियंत्याने युद्धात अपंग झालेल्यांसाठी केलेल्या तीनचाकीतून आली. चालकामागे दुसरा माणूस बसतो, त्यामुळे गाडी अरुंद राहते आणि हवेला अडथळा कमी होतो. केआर २०० ला वेगळा रिव्हर्स गिअर नव्हता. गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचे, किल्ली आणखी आत दाबून पुन्हा फिरवायची, की टू-स्ट्रोक इंजिन उलट दिशेने सुरू व्हायचे. मग जितके गिअर पुढे, तितकेच, म्हणजे चार, मागे.

आता ब्रिटन. माझ्या मते सगळ्यात गुंतागुंतीचा निर्णय इथला आहे. तिथे ८ हंड्रेडवेटच्या, म्हणजे साधारण ४०६ किलोच्या आतल्या तीनचाकीला कर कमी होता आणि मोटारसायकलच्या लायसन्सवर ती चालवता येत होती. अट एकच, गाडीला मागे जाण्याची सोय नको. मोटारसायकल मागे जात नाही, त्यामुळे तिच्या परीक्षेत रिव्हर्स घेणे तपासले जात नाही. म्हणून ज्याला ते येते याची खात्री नाही, त्याच्या हाती रिव्हर्स देऊ नये, असा त्यामागचा विचार असावा. कागदावर तो पटतो.

रस्त्यावर मात्र त्याने अजब वाहन घडवले. १९५७ पासून ब्राइटनच्या जुन्या रेल्वे इंजिन कारखान्यात इसेटा तयार होऊ लागली. त्या कारखान्याला रस्ताच नव्हता, सुटे भाग रेल्वेने यायचे आणि तयार गाड्या रेल्वेनेच जायच्या. मूळ इसेटाला मागे दोन चाके होती, पण इतकी जवळजवळ की डिफरन्शिअलची, म्हणजे वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या यंत्रणेची, गरजच पडत नव्हती. देशातल्या गिऱ्हाइकासाठी ब्राइटनने मागे एकच चाक ठेवले. चार चाकांच्या गाड्या कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला जात. स्टिअरिंग उजवीकडे नेल्यावर चालक आणि इंजिन एकाच बाजूला आले, म्हणून डावीकडे वजन टाकावे लागले. एक चाक कमी झाल्याने वळणावर गाडी उलटण्याचा धोका वाढला. आणि मोटारसायकलच्या लायसन्सवाल्यासाठी गिअरबॉक्स शाबूत असूनही रिव्हर्सची जागा बंद करून दिली जाई.

इसेटाचे एकमेव दार समोर असते. अख्खे नाक बाहेर उघडते आणि स्टिअरिंग दारासोबत बाजूला सरकते. अशी गाडी गॅरेजमध्ये भिंतीला टेकवून उभी केली तर दार उघडत नाही, आणि रिव्हर्स नसल्याने मागेही घेता येत नाही. मग ताडपत्रीचे छप्पर दुमडून वरून बाहेर पडायचे. ते छप्पर आणीबाणीची वाट म्हणूनच दिलेले होते. या प्रसंगावर लोक हसतात, पण मला तो सुरक्षेच्या नियमाने सुरक्षाच कमी केल्याचा धडधडीत नमुना वाटतो. चौथे चाक काढायला लावणारा कर आणि रिव्हर्स काढायला लावणारे लायसन्स, दोन्ही एकाच गाडीवर येऊन बसले होते. पुढे १९६० च्या दशकात रिव्हर्सची अट सुटली, पण तोवर बबल कारचा काळ सरत आला होता. १९६२ ची पील पी ५० तर १३७ सेंटिमीटर लांब, ५९ किलो वजनाची. तिला रिव्हर्स नव्हताच. मागच्या मुठीला धरून उचलायची आणि वळवायची.

शेवट झटपट झाला. १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये मिनी आली, चार माणसांची खरी मोटार. १९६२ मध्ये तिथे मोटारींवरचा खरेदी कर उतरला आणि तीनचाकीचा फायदा घटला. जर्मनीत पगार वाढले आणि लोक मोठ्या गाडीकडे वळले. इसेटा १९६२ ला थांबली, बीएमडब्ल्यूच्या १ लाख ६१ हजारांवर झाल्या होत्या. अडचणीतल्या त्या कंपनीला याच गाडीने तग धरायला मदत केली. केआर २०० १९६४ पर्यंत चालली.

त्यानंतर ही जात नियमांच्या आडोशानेच टिकली. फ्रान्समध्ये मोटारीच्या लायसन्सविना चालणाऱ्या छोट्या गाड्यांचा वर्ग पुढेही राहिला. युरोपीय कायद्याने क्वाड्रिसायकलचे, म्हणजे मोटारीहून हलक्या चारचाकीचे, दोन वर्ग केले : ताशी ४५ किलोमीटरपर्यंतचा हलका आणि त्याहून जड. एकामागे एक बसायची रेनो ट्विझी, ४५ च्या मर्यादेतली सित्रोएनची आमी, समोरून दार उघडणारी मायक्रोलिनो, सगळ्या याच चौकटीतल्या. फ्रान्समध्ये आमी चौदाव्या वर्षापासून चालवता येते.

आपल्याकडेही हा वाद येऊन गेला. २०१२ मध्ये बजाजने आरई ६० दाखवली, पुढे तीच क्यूट म्हणून वाळूजला बनू लागली. २१६ सीसी, चार माणसे, कमाल वेग ताशी ७० किलोमीटर. ही मोटार की चार चाकांची रिक्षा, यावर इतर मोटार उत्पादक आणि बजाज यांच्यात वर्षानुवर्षे भांडण चालले, प्रकरण न्यायालयातही गेले. विरोधकांचे म्हणणे होते की सुरक्षेच्या कसोट्या मोटारीच्याच हव्यात. बजाजचे म्हणणे होते की तुलना मोटारीशी नव्हे, उघड्या रिक्षाशी करा. क्वाड्रिसायकल हा वर्ग आधी फक्त प्रवासी वाहतुकीसाठी मान्य झाला, आणि खासगी वापराची मुभा २०१८ मध्ये मिळाली. तोवर क्यूट परदेशी बाजारांत विकली जात होती.