तेरची पांढरी: काय उकरून गेलं, काय राहिलं आणि कोणामुळं

धाराशिवपासून वीसेक किलोमीटरवर तेरणा नदीच्या काठी तेर. बहुतेकांना हे गाव माहीत असतं ते गोरोबाकाकांमुळं. ते थापटणं घेऊन संतांची डोकी तपासून बघणं आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघणं, ती गोष्ट इथलीच. पण काका व्हायच्या हजार-बाराशे वर्षं आधी हे गाव तगर नावानं पार रोमपर्यंत माल पाठवत होतं, आणि हे आज आपल्याला ठामपणे सांगता येतं त्यात सरकारी खात्याइतकाच गावातल्या एका माणसाचा हात आहे.

आधी थोडं मागचं. पहिल्या शतकात कोणा ग्रीक दर्यावर्दीनं लिहिलेल्या पेरिप्लस या समुद्री व्यापाराच्या माहितीपुस्तकात येतं की गुजरातेतल्या भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, आणि तगरहून साधं कापड, मलमल वगैरे माल धड रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांनी भडोचला जातो. पुढं शिलाहार राजे, राज्य करायचे कोकणात नाहीतर कोल्हापुरात, पण बिरुद लावायचे ‘तगरपुरवराधीश्वर’, म्हणजे तगर या श्रेष्ठ नगराचे स्वामी. म्हणजे मूळ गाव सुटलं तरी नावाचा रुबाब सुटला नव्हता. एवढं सगळं असून तगर नेमकं कुठलं हे कोणालाच माहीत नव्हतं. कोणी देवगिरी म्हणायचं, कोणी जुन्नर. शेवटी 1901 मध्ये फ्लीट नावाच्या इंग्रज अभ्यासकानं तगर म्हणजे निजामाच्या राज्यातलं तेर असं मांडलं आणि पाठोपाठ पुरातत्त्व खात्याच्या कझिन्सनं येऊन इथली देवळं बघितली.

त्यातलं त्रिविक्रमाचं देऊळ म्हणजे खरी कमाल. सगळं विटांचं, मागची बाजू अर्धगोल, छप्पर गजपृष्ठाकार म्हणजे हत्तीच्या पाठीसारखं, दर्शनी भागावर लेण्यांना असते तशी कमान. बहुतेक अभ्यासक म्हणतात की हे मुळात बौद्ध चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनास्थळ, नंतर पुढं मंडप जोडला गेला आणि आत त्रिविक्रम आला. विटांचं असं उभं चैत्यगृह आंध्रात चेझर्ल्याला आहे, बाकी फार ठिकाणी नाही. माझं मत विचाराल तर देव बदलला म्हणूनच इमारत वाचली, कारण दिवा लागत राहिला, कोणीतरी झाडत राहिलं, गळलं तर बुजवत राहिलं. तिथं पूजा थांबली असती तर त्या विटा केव्हाच कोणाच्या तरी भिंतीत गेल्या असत्या. आणि तेरच्या विटाही साध्या नाहीत, भाताचं तूस घालून भाजलेल्या, त्यामुळं आत भोकं भोकं राहिलेली आणि इतक्या हलक्या की पाण्यावर तरंगतात.

ज्याचं देऊळ झालं नाही त्याचं काय झालं ते बघा. नदीच्या दोन्ही अंगांना जुन्या वस्तीची टेकाडं आहेत. मराठवाड्यात घर माळवदाचं, म्हणजे सपाट मातीच्या छपराचं, आणि माळवदावर टाकायला पांढरीसारखी, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढरट मातीसारखी, माती नाही, पाणी आत येऊ देत नाही. मग लोक पिढ्यानपिढ्या टेकाडं उकरून पांढरी नेत राहिले. यात कोणाचा दोष काढण्यात अर्थ नाही, त्यांना छप्पर हवं होतं. पण त्या मातीबरोबर सातवाहन काळातलं शहर टोपलीटोपलीनं घरांच्या छपरावर गेलं. मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, भाजक्या मातीच्या बाहुल्या, हे सगळं मातीत निघायचं, पावसाळ्यात उघडं पडायचं आणि पोरं खेळायला न्यायची.

हेच गोळा करायचं वेड गावातल्या रामलिंगप्पा लामतुरेंना लागलं. पुरातत्त्वाची पदवी वगैरे काही नाही. शेतात, टेकाडावर जे निघेल ते त्यांनी जमवलं, जपलं. रोमन धर्तीचे दिवे, दोन साच्यांत काढलेल्या पोकळ मूर्ती, रोमन नाण्यांची मातीतली नक्कल, नाणी, खापरं. हा साठा इतका मोठा झाला की 1960 मध्ये डग्लस बॅरेट या इंग्रज अभ्यासकानं तेरवर पुस्तिका लिहिली ती याच्याच जिवावर. पुढं घरच्यांनी सगळा संग्रह शासनाला देऊन टाकला आणि गावातच लामतुरेंच्या नावाचं सरकारी म्युझियम झालं. वीस हजारांच्या वर वस्तू, आणि तेही जिल्ह्याच्या ठिकाणी नाही, पुण्या-मुंबईत नाही, तेरमध्येच. मला तर हीच त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

त्यातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती तर जगभर माहीत आहे. वीतभरही नाही, पण 1938 मध्ये इटलीत ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहराच्या राखेतून जी भारतीय हस्तिदंती मूर्ती निघाली तिची ही जवळची बहीण शोभावी. पॉम्पेई गाडलं गेलं इसवी सन 79 मध्ये, म्हणजे असला माल त्याआधीच तिकडं पोचत होता.

आता दुसरी बाजू पण सांगायला हवी. जालना जिल्ह्यात भोकरदनला अशीच एक तुटकी मूर्ती मिळाली, पण ती रीतसर खोदकामात, त्यामुळं कुठल्या थरात, कशाबरोबर होती हे कळतं. तेरच्या हस्तिदंती मूर्तीचं तसं नाही, वस्तू आहे पण तिचा थर गेला. तेरमध्ये 1958 पासून अधूनमधून खोदकामं झाली, तरी ती टेकाडांच्या मानानं थोडीच, आणि बऱ्याच टेकाडांवर आज घरं आहेत, शेती आहे.

आणि आज कोणी लामतुरेंसारखं करायचं म्हटलं तर सरळ जमणारही नाही. 1972 चा पुरावस्तू कायदा आहे, ठरावीक प्रकारच्या वस्तू रजिस्टर कराव्या लागतात, आणि जमिनीत धन सापडलं तर 1878 च्या कायद्यानं कलेक्टरला कळवावं लागतं, तेही किंमत दहा रुपयांच्या वर असली की लगेच! कायदा चोरबाजार रोखायला आहे हे बरोबरच, पण नांगराला मूर्ती लागलेला शेतकरी ऑफिसच्या चकरा मारण्यापेक्षा ती परत मातीत ढकलतो किंवा गुपचूप विकतो. तेरमध्ये निदान गावातच म्युझियम आहे, तिथं नेऊन देता येतं. शेजारच्या गावांत टेकाडं आहेत, पण द्यायचं कुठं ते कोणाला माहीत नाही.