व्हर्च्युअलायझेशन कन्सोलमध्ये हार्डवेअर कसे आले

व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक), तिचा होस्ट (ती चालवणारा खरा सर्व्हर) आणि त्या होस्टच्या पॉवर सप्लायचा लाल इशारा, हे सगळे आज एकाच खिडकीत, म्हणजे व्यवस्थापनाच्या कन्सोलमध्ये, दिसते. सुरुवातीला तसे नव्हते. हार्डवेअरचा विसर पडावा म्हणूनच तर व्हर्च्युअलायझेशन आणले गेले होते. पुढे तेच हार्डवेअर मागच्या दाराने कन्सोलमध्ये परत आले, आणि दर वेळी मध्ये एक दुभाषी घेऊन आले.

बीएमसी, म्हणजे बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर, हा या गोष्टीचा पाया. मदरबोर्डवरचा हा छोटा स्वतंत्र संगणक स्टँडबाय विजेवर चालतो, त्यामुळे सर्व्हर बंद असला तरी पॉवर केबल लावलेली असेपर्यंत तो जागा असतो. त्याच्याशी बोलण्याची सामाईक भाषा, म्हणजे आयपीएमआय, इंटेल, एचपी, एनईसी आणि डेल यांनी १९९८ साली आणली. २००१ च्या १.५ आवृत्तीत ती नेटवर्कवरून चालू लागली, तर २००४ च्या २.० मध्ये एन्क्रिप्शन आणि नेटवर्कवरून सिरियल कन्सोल (सर्व्हरचा मजकुरी पडदा) मिळाला. पंख्याचा वेग, तापमान, वीज चालू-बंद हे सारे यूडीपी पोर्ट ६२३ वरून.

व्हीएमवेअर कंपनीचा ईएसएक्स सर्व्हर (व्हर्च्युअल मशीन चालवणारे सॉफ्टवेअर) २००१ मध्ये आला आणि होस्ट सांभाळणारा कन्सोल व्हर्च्युअलसेंटर (पुढचे व्हीसेंटर) २००३ मध्ये. त्या कन्सोलच्या लेखी होस्ट म्हणजे प्रोसेसर आणि मेमरीचा साठा, बाकी काही नाही. हार्डवेअरची खबर ठेवणारे सर्व्हर उत्पादकांचे एजंट, म्हणजे छोटे प्रोग्राम, ईएसएक्सच्या लिनक्सवर आधारित सर्व्हिस कन्सोलमध्ये बसवले जात आणि ते आपापल्या कंपनीच्या वेगळ्या सॉफ्टवेअरला कळवत. म्हणजे खिडक्या दोन. व्हीस्फिअरच्या (व्हीएमवेअरच्या या संचाच्या) २०११ च्या ५.० आवृत्तीपासून फक्त ईएसएक्सआय (ईएसएक्सचे आटोपशीर रूप) उरले, सर्व्हिस कन्सोल गेला आणि एजंटांचे घरच गेले. त्यांची जागा पोर्ट ५९८९ वर उत्तर देणाऱ्या सीआयएम (हार्डवेअरची माहिती मांडायचे मानक) प्रोव्हायडरांनी घेतली. इथला एक घोटाळा पुष्कळांना नडला: साधी ईएसएक्सआय इमेज टाकली की तापमान आणि पंखे दिसतात, पण रेड (अनेक डिस्क एकत्र जोडणाऱ्या) कंट्रोलरमागची मेलेली डिस्क दिसेलच असे नाही. त्यासाठी उत्पादकाचा प्रोव्हायडर लागतो, जो त्याच्या स्वतःच्या इमेजमध्ये असतो. सगळे हिरवे दिसते म्हणून सगळे ठीक, असे मानायची सोय नव्हती.

नुसते बघण्यापलीकडे जाऊन कन्सोलने हार्डवेअरला हात घातला तो विजेच्या निमित्ताने. डिस्ट्रिब्युटेड पॉवर मॅनेजमेंट, म्हणजे डीपीएम, व्हीएमवेअरच्या ३.५ आवृत्तीत प्रायोगिक होते आणि २००९ च्या व्हीस्फिअर ४ मध्ये पक्के झाले. भार कमी झाला की मशीन दुसरीकडे हलवायच्या आणि रिकामा होस्ट स्टँडबायमध्ये टाकायचा. मूळ लक्ष्य ६३ टक्के वापर, अधिक-उणे १८. होस्ट उठवायचा तर मागच्या ५ मिनिटांची मागणी पाहिली जाते, झोपवायचा तर ४० मिनिटांची. उठवायला घाई आणि झोपवायला सबुरी, हे मुद्दाम केलेले आहे. उठवण्याचे काम बीएमसी करतो, म्हणून होस्टला बीएमसीचा आयपी, मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा क्रमांक), नाव आणि पासवर्ड द्यावा लागतो. ऑटोमॅटिक करण्याआधी प्रत्येक होस्ट हाताने स्टँडबायमध्ये टाकून परत उठतो का ते पाहायचे, आणि जो उठत नाही त्याला डीपीएममधून वगळायचे. ही चाचणी टाळली की नेमका गर्दीच्या वेळी होस्ट झोपलेलाच राहतो.

बीएमसी नसेल तर वेक-ऑन-लॅनचा, म्हणजे नेटवर्कवरून जागे करण्याचा, आधार होता. मॅजिक पॅकेट म्हणजे एफएफचे ६ बाइट आणि त्यापुढे मॅक पत्ता १६ वेळा. ते क्लस्टरमधला (होस्टच्या गटातला) दुसरा जागा होस्ट व्हीमोशनच्या (चालू मशीन हलवण्याच्या) नेटवर्कवरून पाठवतो. इथे स्विचचा पोर्ट १००० एमबीपीएसवर बांधून ठेवला असेल तर खेळ संपला: बरीच नेटवर्क कार्डे झोपेत १०० किंवा त्याहून कमी वेगावर उतरतात, म्हणून पोर्ट ऑटो निगोशिएटवरच हवा.

ओव्हर्ट या मुक्त व्हर्च्युअलायझेशन कन्सोलमध्ये बीएमसीचे काम वीज वाचवण्याचे कमी आणि डेटा वाचवण्याचे जास्त. होस्ट गप्प झाला म्हणजे मेलाच असे नाही. फक्त नेटवर्क तुटलेले असू शकते. त्यावरची मशीन दुसरीकडे सुरू केली तर एकाच डिस्कवर दोघे लिहू लागतील. म्हणून आधी दुसऱ्या होस्टमार्फत बीएमसीला सांगून त्याची वीज तोडायची, याला फेन्सिंग म्हणतात. निरोप न्यायला दुसरा होस्ट लागतो, त्यामुळे एकट्या होस्टवर हे चालत नाही. मायक्रोसॉफ्टच्या व्हर्च्युअल मशीन मॅनेजर, म्हणजे व्हीएमएम, २०१२ ने वेगळीच दिशा धरली: बीएमसीमार्फत कोरा सर्व्हर चालू करून, नेटवर्कवरून बूट करून थेट हायपर-व्ही (मायक्रोसॉफ्टचे व्हर्च्युअलायझेशन) होस्ट उभा करायचा.

तोवर आयपीएमआयचे दुखणे उघडे पडले होते. २.० च्या रचनेतच अशी गफलत आहे की वैध वापरकर्त्याचे नाव माहीत असलेल्या कुणालाही बीएमसी, ओळख पटायच्या आधीच, पासवर्डचा हॅश (त्याचे गणिती रूप) देऊन टाकतो. तो घरी नेऊन निवांत फोडता येतो. दोष मानकातच असल्याने पॅचने तो जात नाही. वेगळे व्हीलॅन (स्विचमध्येच निराळे काढलेले नेटवर्क) आणि लांब पासवर्ड हाच उतारा. २०१५ मध्ये डीएमटीएफ या मानके ठरवणाऱ्या संस्थेने रेडफिश आणले, म्हणजे एचटीटीपीएसवरून जेसन (वेबवरचा साधा डेटा-मजकूर), आणि नव्या साधनांचा ओढा तिकडे गेला.

व्हीस्फिअर ६.५ मधल्या प्रोअॅक्टिव्ह एचएने उत्पादकाच्या प्लगइनकडून बिघाडाची आगाऊ खबर घेऊन मशीन हलवायला सुरुवात केली. २०२० च्या ७.० मध्ये लाइफसायकल मॅनेजरने ईएसएक्सआय, ड्रायव्हर आणि फर्मवेअर (हार्डवेअरमधलेच सॉफ्टवेअर) एकाच इमेजमध्ये बांधले. ड्रायव्हर नवा आणि फर्मवेअर जुने, या जोडीने आजवर जेवढे होस्ट पाडले ते पाहता ही गाठ उशिराच पडली. पण फर्मवेअर व्हीसेंटर स्वतः टाकत नाही. ते काम हार्डवेअर सपोर्ट मॅनेजरचे, म्हणजे पुन्हा डेल, एचपीई किंवा लेनोवोच्या प्लगइनचे. एकदा इमेजवर नेलेला क्लस्टर बेसलाइनवर (पॅचच्या जुन्या यादीवर) परत आणता येत नाही, आणि पासथ्रू (थेट मशीनला दिलेले) उपकरण जोडलेली एक मशीन हलली नाही तरी होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये जाता जाता अडकून बसतो.

व्हीस्फिअर ८ मध्ये व्हीसेंटरच्या आत चालणारी जुन्या पद्धतीची प्लगइन बंद झाली. आता ती स्वतःच्या सर्व्हरवर चालणारी रिमोट प्लगइनच लागतात. त्यामुळे व्हीसेंटर अपग्रेड करण्याआधी उत्पादकाच्या कोष्टकात प्लगइन आणि व्हीसेंटरची आवृत्ती जुळवून पाहावी लागते. ते पाहायचे राहिले की अपग्रेड नीट होते, फक्त हार्डवेअरचा मेनू गायब झालेला असतो.