ॲरे सपाट करणारं फ्लॅट, आणि त्याला फ्लॅटन हे नाव का मिळालं नाही

जावास्क्रिप्टमध्ये ॲरेच्या (म्हणजे मूल्यांच्या यादीच्या) आत ॲरे अडकलेले असले की ते सपाट करायला फ्लॅट ही मेथड आहे, भाषेच्या 2019 च्या स्टँडर्डमध्ये आली आणि सोबत फ्लॅटमॅपही आली. [1, [2, [3, 4]]] वर नुसतं फ्लॅट चालवलं तर [1, 2, [3, 4]] मिळतं, म्हणजे एकच थर निघतो, आणि नवीन शिकणारे नेमके इथेच गोंधळतात. दोन थर काढायचे तर कंसात 2 द्या, सगळेच काढायचे तर इन्फिनिटी. पण इन्फिनिटी द्यायची सवय लावून घेऊ नका, आपला डेटा किती खोल आहे हे आपल्याला माहीत असलंच पाहिजे. मूळ ॲरेला धक्का लागत नाही, नवीन ॲरे मिळतो.

माझी आवडती मात्र फ्लॅटमॅप. ['आज पाऊस', 'उद्या ऊन'] यातले शब्द मॅपने, म्हणजे प्रत्येक घटकावर फंक्शन चालवून नवा ॲरे देणाऱ्या मेथडने, वेगळे केले तर ॲरेत दोन ॲरे येतात, फ्लॅटमॅपने केले तर थेट ['आज', 'पाऊस', 'उद्या', 'ऊन']. शिवाय मॅप जितके घटक घेतो तितकेच परत देतो, फ्लॅटमॅपमध्ये रिकामा ॲरे परत केला की तो घटक गळतो, दोन घटकांचा केला की एकाचे दोन होतात, म्हणजे बदलणं आणि गाळणं एकाच फेरीत.

आता नावाचं. आधी फ्लॅटन ठरलं होतं, पण मूटूल्स या जुन्या लायब्ररीने त्याच नावाची स्वतःची मेथड ॲरेला आधीच चिकटवून ठेवली होती. मार्च 2018 मध्ये फायरफॉक्स ब्राउझरच्या नाइटलीत, म्हणजे चाचणीसाठीच्या आवृत्तीत, नवी मेथड आली आणि एक साइट मोडली. कारण असं की मूटूल्स आपल्या मेथड फॉर-इन लूपने (एकेक नावावरून फिरणाऱ्या लूपने) दुसरीकडे कॉपी करायची, ब्राउझरच्या स्वतःच्या मेथड त्या लूपला दिसत नाहीत, आणि मूटूल्सने फ्लॅटनवर आपलं फंक्शन टाकलं तरी ते नाव लपलेलंच राहिलं, त्यामुळे कॉपी झालीच नाही. कोणीतरी गमतीत स्मूश हे नाव सुचवलं, त्यावरून केवढा गदारोळ झाला, शेवटी मे महिन्यात जावास्क्रिप्टचं स्टँडर्ड ठरवणाऱ्या टीसी39 समितीने फ्लॅट पक्कं केलं. मला हा निर्णय शंभर टक्के पटतो, कारण ज्या साइटकडे बघायला आता कोणी उरलेलं नाही तीही उघडली पाहिजे. आणि हे पहिल्यांदा झालं नव्हतं, एखादी गोष्ट आत आहे का हे बघायला आपण रोज वापरतो ते इन्क्लूड्ससुद्धा आधी कन्टेन्स असणार होतं, तेही याच मूटूल्समुळे बदललं.