वाचकांच्या प्रतिक्रियांसाठीचे प्लगइन: नव्या आवृत्तीविषयी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

आपल्या वर्डप्रेस संकेतस्थळावर वाचकांच्या प्रतिक्रियांसाठी आम्ही बसवून दिलेल्या प्लगइनची, म्हणजे संकेतस्थळाला जोडलेल्या पूरक प्रोग्रामची, नवी आवृत्ती आता तयार आहे. तिच्यात काय बदलले, ते का बदलले आणि त्याचा आपल्या संपादकीय कामावर काय परिणाम होईल, हे सांगण्यासाठी हे पत्रक आहे. आमचे बहुतेक ग्राहक साप्ताहिके, दिवाळी अंक, तालुक्याची बातमीपत्रे किंवा परदेशातली महाराष्ट्र मंडळे चालवतात. त्यांच्याकडे प्रतिक्रिया तपासणारी व्यक्ती बहुधा एकच असते आणि मुद्रितशोधनापासून जाहिरातींच्या वसुलीपर्यंतची कामेही तिच्याच गळ्यात असतात. हे ध्यानात घेऊन तांत्रिक शब्द टाळता येतील तिथे टाळले आहेत. जे उरले आहेत ते आपल्या होस्टिंगवाल्याशी बोलताना उपयोगी पडतील.

प्रतिक्रिया कुठे साठतात

आमचे प्लगइन प्रतिक्रिया स्वतःच्या वेगळ्या कोठारात नेत नाही. त्या वर्डप्रेसच्या मूळ तक्त्यातच, म्हणजे आपल्याच डेटाबेसमध्ये राहतात. वाचकाने केलेली तक्रार, संपादकाची टीप अशी आम्ही जोडलेली माहिती वर्डप्रेसने त्याच कामासाठी ठेवलेल्या शेजारच्या तक्त्यात जाते. उद्या आपण आमचे प्लगइन काढून टाकले, तरी एकही प्रतिक्रिया गमवावी लागणार नाही. बाहेरच्या सर्व्हरवर प्रतिक्रिया साठवणाऱ्या सेवा बसवायला सोप्या असतात आणि आपल्या होस्टिंगवरचा भारही त्या कमी करतात, हे मान्य आहे. परंतु त्या बदल्यात वर्षानुवर्षांचा वाचकांचा मजकूर दुसऱ्याच्या अटींवर राहतो. ज्या अंकांचे जुने लेख आजही वाचले जातात, त्यांनी हा व्यवहार करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता तक्त्याविषयी. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये 'यूटीएफ८' नावाने चालणारा जुना चिन्हसंच, म्हणजे अक्षरे साठवण्याची पद्धत, एका चिन्हासाठी जास्तीत जास्त ३ बाइट (साठवणुकीची एकके) देतो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटांत बसते, त्यामुळे मराठी मजकूर जुन्या संकेतस्थळांवरही व्यवस्थित साठत आला. इमोजीला मात्र ४ बाइट लागतात. डेटाबेसची तपासणी सैल ठेवलेली असेल, तर वाक्याच्या मध्येच हात जोडल्याचे चिन्ह आले की तिथून पुढचा सगळा मजकूर साठवताना कापला जाई आणि वाचकाला वाटे की संपादकांनीच कात्री लावली. वर्डप्रेसने एप्रिल २०१५ मधल्या ४.२ या आवृत्तीपासून तक्ते ४ बाइटांच्या संचात बदलून द्यायला सुरुवात केली. तरीही एका होस्टिंगवरून दुसरीकडे हलवताना जुन्याच संचात राहिलेले तक्ते आजही आढळतात. नवी आवृत्ती सुरू होताच हे तपासते आणि बदल हवा असेल तर डॅशबोर्डवर तसे कळवते. आपली संमती मिळेपर्यंत तक्त्याला हात लावत नाही.

हा कापाकापीचा प्रश्न निव्वळ गैरसोयीचा नाही. प्रतिक्रियेच्या रकान्यात ६५,५३५ बाइट, म्हणजे देवनागरीची सुमारे २१,८०० चिन्हे मावतात. त्याहून लांब मजकूर पाठवायचा, तो साठताना अर्धवट कापला जाईल अशी व्यवस्था करायची आणि उरलेल्या तुटक्या एचटीएमएलमधून, म्हणजे पानाची रचना सांगणाऱ्या खुणांमधून, संपादकाच्या ब्राउझरमध्ये घातक सूचना चालवायची, असा हल्ला २०१५ मध्येच उघडकीस आला आणि वर्डप्रेसला त्यासाठी ४.२.१ ही आवृत्ती तातडीने काढावी लागली. आमचे प्लगइन म्हणूनच मजकूर साठवण्यापूर्वी त्याची लांबी बाइटांत मोजते आणि मर्यादेबाहेरचा मजकूर न कापता पूर्णपणे नाकारते. इतकी लांब प्रतिक्रिया खरा वाचक लिहीत नाही, वाद शुद्धलेखनाचा असला तरी.

मराठी मजकुराची चाळणी

या आवृत्तीतले सर्वाधिक काम इथे झाले आहे. स्पॅम पाठवणारे लोक निषिद्ध शब्दाच्या मध्ये डोळ्यांना न दिसणारी चिन्हे घालून चाळणी चुकवतात. त्यावर उपाय म्हणून अनेक तयार चाळण्या अशी सर्व चिन्हे सरसकट पुसून टाकतात. इंग्रजीत त्याने काही बिघडत नाही. मराठीत बिघडते, कारण काही कळफलकांवर अर्धा र याच अदृश्य जोडचिन्हाच्या मदतीने उमटतो. ते पुसले गेले की 'आचाऱ्यांना जेवण वाढले' या वाक्यातले स्वयंपाकी एकदम 'आचार्यांना' होतात. दुसऱ्या कळफलकांवर हाच र वेगळ्या स्वतंत्र अक्षराने लिहिला जातो, त्यामुळे पडद्यावर सारखे दिसणारे दोन शब्द संगणकाच्या लेखी भिन्न ठरतात. 'ॲप' या शब्दातल्या पहिल्या अक्षराचीही तीच गत आहे. आम्ही आता प्रत्येक प्रतिक्रियेच्या दोन प्रती करतो. वाचकाने जसे लिहिले तसे साठवले आणि दाखवले जाते; तुलना व शोध यांसाठी मात्र सर्व पर्यायी रूपे एकसारखी केलेली, न दिसणारी दुसरी प्रत वापरली जाते. शोधाच्या चौकटीत 'वाऱ्यावर' हा शब्द कोणत्याही कळफलकाने लिहिला तरी तो आता सापडेल.

निषिद्ध शब्दांच्या यादीविषयी थोडे विस्ताराने सांगावे लागेल. वर्डप्रेसची स्वतःची यादी शब्दाच्या पोटातही जुळणी करते. झटपट कर्जाच्या जाहिरातींना कंटाळून एखाद्या संपादकाने यादीत 'कर्ज' घातले, की कर्जतहून लिहिणाऱ्या वाचकाची प्रतिक्रियाही अडते. केवळ पूर्ण शब्द जुळवावा म्हटले, तर मराठीत शब्दांना प्रत्यय चिकटतात; 'कर्जासाठी', 'कर्जाची' ही रूपे सुटून जातात, आणि जाहिरातीत नेमकी तीच असतात. इंग्रजीसाठी लिहिलेल्या शब्दसीमेच्या नियमांपैकी पुष्कळ नियम काना, मात्रा, वेलांटी यांना अक्षर मानत नाहीत, त्यामुळे शब्द मधूनच तुटतो. आमच्या नव्या जुळणीत मूळ शब्दासोबत त्याचे सामान्यरूप विचारात घेतले जाते: 'कर्जा'ने सुरू होणारी रूपे सापडतात, 'कर्जत' व 'कर्जतला' सुटतात.

प्रश्न तरीही संपत नाही, कारण कर्जमाफीच्या बातमीखाली प्रत्येक दुसऱ्या शेतकरी वाचकाच्या लिखाणात हा शब्द असणारच. त्यामुळे आता एकटा शब्द प्रतिक्रिया अडवत नाही. शब्दासोबत लिंक किंवा मोबाइल क्रमांक आहे का, लिहिणाऱ्याची आधीची प्रतिक्रिया आपण मंजूर केली होती का, आणि प्रतिक्रियेची चौकट उघडल्यावर किती सेकंदांत मजकूर आला, या गोष्टींचा एकत्र विचार होतो. त्यातूनही निघतो तो फक्त क्रम. संशयास्पद प्रतिक्रिया तपासणीच्या रांगेत वेगळ्या रंगाने दिसते. ती कायमची पुसण्याचा अधिकार प्लगइनला दिलेला नाही. हा निर्णय यंत्रावर सोपवावा, अशी मागणी आमच्याकडे अधूनमधून येते. टोमणा, उपरोध आणि म्हणी यांनी भरलेल्या भाषेत तो यंत्रावर सोडणे आम्हाला सध्या तरी योग्य वाटत नाही.

एक लहानसा बदल अनेकांना आवडेल. निधनाच्या बातमीखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि पुरस्काराच्या बातमीखाली 'हार्दिक अभिनंदन' हेच दोन शब्द शंभर वाचक लिहितात. एकच मजकूर अनेक नावांनी आला की तो स्पॅम, असा सर्वसाधारण चाळणीचा समज असतो आणि शोक व्यक्त करणारे लोक बाहेर राहतात. अशा रूढ वाक्यांची यादी आता प्लगइनमध्ये आहे आणि आपल्या गावचे एखादे वाक्य तीत आपल्याला घालता येते.

वाचकाच्या बाजूने

चित्रातली वाहने ओळखा, अशा कोड्यांचा वापर आम्ही करत नाही. ज्येष्ठ वाचकांना त्यांचा त्रास होतो, दृष्टिहीन वाचकांची अडवणूक होते आणि बहुतेक वेळा वाचकाची माहिती बाहेरच्या कंपनीकडे जाते. त्याऐवजी माणसाला न दिसणारा एक रिकामा रकाना ठेवला जातो, जो स्वयंचलित प्रोग्राम भरून मोकळे होतात. पडदा वाचून दाखवणारी साधने तो वगळतील, अशी तजवीज केलेली आहे. आयपी पत्त्यावरून, म्हणजे वाचकाच्या इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, कायमची बंदी घालण्याची सोयही काढली आहे. मोबाइल कंपन्या एकाच पत्त्यामागे असंख्य ग्राहक ठेवतात, त्यामुळे एका उपद्रवी माणसाबरोबर अख्ख्या पेठेला शिक्षा होत असे.

पान लवकर उघडावे म्हणून बहुतेक संकेतस्थळे पानांची तयार प्रत, म्हणजे कॅश ठेवतात. त्यामुळे दोन अडचणी येत. प्रतिक्रियेच्या अर्जाची सुरक्षा-खूण, म्हणजे अर्ज आपल्याच पानावरून आला हे पडताळणारा संकेत, २४ तासांत बाद होते, पण कॅशमधल्या जुन्या पानावर तीच खूण राहते आणि वाचकाचा लिहिलेला मजकूर 'मुदत संपली' या संदेशाने परत येतो. शिवाय प्रतिक्रिया लगेच न दिसल्यामुळे वाचक तीच पुन्हा पाठवतो. आता वाचकाने चौकटीला स्पर्श केल्यावरच नवी खूण मागवली जाते आणि पाठवलेली प्रतिक्रिया तपासणीत असली, तरी त्या वाचकाला त्याच्या पडद्यावर ती 'मंजुरीच्या प्रतीक्षेत' अशा शेऱ्यासह दिसते. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर उत्तराचे उत्तर सरकत सरकत एका शब्दाच्या ओळीपर्यंत पोहोचे, म्हणून उजवीकडे सरकण्याच्या पायऱ्या दोनच ठेवल्या आहेत. पुढची उत्तरे कोणाला उद्देशून आहेत ते नावाने कळते.

वाचकांची माहिती

वर्डप्रेस प्रत्येक प्रतिक्रियेसोबत नाव, ईमेल, आयपी पत्ता आणि ब्राउझरची माहिती साठवते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे, आणि आपल्याला गरज नसलेली माहिती जवळ न बाळगणे हेच त्यादृष्टीने सर्वांत सोपे धोरण आहे. ठरावीक काळाने आयपी पत्ते आपोआप पुसले जातील, अशी सोय दिली आहे. काळ आपण ठरवावा. वाचकाच्या ईमेलवरून बाहेरच्या सर्व्हरवरचे छायाचित्र आणण्याची सोय सुरुवातीला बंद असेल. वर्डप्रेसच्या ४.९.६ या आवृत्तीपासून वाचकाची माहिती काढून देण्याची व पुसण्याची साधने मिळतात. आमच्या प्लगइनची नोंदही आता त्यांत येते. मानहानीकारक मजकुराबाबत नोटीस आल्यास वकिलांचा सल्ला घ्यावा. मूळ मजकूर, वेळ आणि संपादकाने केलेली कार्यवाही यांची नोंद प्लगइनमधून छापून घेता येईल.

आवृत्ती बदलताना

वार्षिक देखभाल करार असलेल्या ग्राहकांकडे हा बदल आम्हीच करून देऊ. इतरांनी आधी डेटाबेसचा पूर्ण बॅकअप घ्यावा, तो उघडतो याची खात्री करावी आणि शक्य असल्यास संकेतस्थळाच्या चाचणी-प्रतीवर आवृत्ती चालवून पाहावी. दिवाळी अंकाच्या प्रकाशनाचा किंवा निवडणूक निकालाचा आठवडा यासाठी निवडू नये. जुन्या निषिद्ध शब्दांची यादी तशीच पुढे येते, मात्र तिच्यातले दोन-तीन अक्षरी शब्द एकदा डोळ्यांखालून घालावेत, कारण नको त्या प्रतिक्रिया बहुधा त्यांच्यामुळेच अडतात. अडचण कळवताना अडलेल्या प्रतिक्रियेचा मजकूर कृपया प्रत्यक्ष चिकटवून पाठवावा. छायाचित्रावरून आम्हाला शब्द दिसतात, त्यांच्या पोटातली अदृश्य चिन्हे दिसत नाहीत.